कानाच्या पडद्याच्या शस्त्रक्रियेनंतर घरी घ्यायची काळजी: पट्टी असलेल्या रात्रीपासून ऐकण्याच्या चाचणीपर्यंत

मधल्या कानाची शस्त्रक्रिया झालेला रुग्ण पहिल्या आठवड्यात सहसा चुकत नाही. कानावर पट्टी असते, टाके ओढतात आणि घरचेही डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवतात. चुका होतात त्या दहाव्या-बाराव्या दिवसानंतर. दुखणे थांबलेले असते, टाके निघालेले असतात, बाहेरून कान पूर्वीसारखा दिसतो आणि मग डोक्यावरून पाणी घेतले जाते, जोराने नाक शिंकरले जाते, भरलेला हंडा उचलला जातो. आत बसवलेला पडदा त्या वेळी कच्चाच असतो. कानशिलाच्या स्नायूवरचे पातळ आवरण किंवा कानाच्या छिद्रापुढील उंचवट्याची कूर्चा घेऊन तो बसवलेला असतो. सुरुवातीला तो केवळ विरघळणाऱ्या स्पंजाच्या तुकड्यांच्या आधारावर जागेवर राहतो, कडेने त्याला रक्तपुरवठा हळूहळू मिळू लागतो आणि तो पक्का होण्यास साधारण ६ ते ८ आठवडे लागतात. दुखणे थांबणे आणि पडदा धरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हे मार्गदर्शन पडदा बसवणे (टिम्पॅनोप्लास्टी), कानामागचे सडलेले हाड साफ करणे (मॅस्टॉइडेक्टॉमी), कानातील हाडांची साखळी दुरुस्त करणे आणि रिकिबीच्या हाडाची, म्हणजे त्या साखळीतल्या रिकिबीच्या आकाराच्या बारीक हाडाची, शस्त्रक्रिया (स्टेपिडॉटॉमी) झालेल्यांसाठी आहे. येथे दिलेली मुदत आणि आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत यांत फरक असेल, तर डॉक्टरांचे ऐकावे. आपला कान आतून त्यांनी पाहिलेला आहे.

टप्पा १: शस्त्रक्रियेच्या आधी घरात करायची तयारी

तयारी रुग्णालयात जाण्यापूर्वी पूर्ण करावी, कारण परत आल्यावर पहिले दोन दिवस रुग्णाला गरगरल्यासारखे वाटू शकते आणि घरच्यांची धावपळ चालू असते.

आदल्या दिवशी केस स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवावेत, कारण पुढचे न्हाणे किमान आठ-दहा दिवस लांबणार असते. गळ्यातून घालायचे कपडे बाजूला ठेवून पुढून बटणे असलेले शर्ट, कुडते किंवा गाऊन काढून ठेवावेत. बनियन काढताना कानाची पट्टी ओढली जाणे हा फार नेहमीचा प्रकार आहे. दोन जाड उशा, निर्जंतुक कापूस, पेट्रोलियम जेलीची नवी डबी, नाकात घालायचे मिठाच्या पाण्याचे थेंब, थर्मामीटर आणि ईसबगोल एवढे सामान हाताशी असावे. न्हाणीघरात एक स्टूल ठेवावे. शौचालय बैठे असेल आणि रुग्ण वयस्कर असेल, तर खुर्चीवजा कमोडची सोय पहिल्या आठवड्यापुरती करावी, कारण उकिडवे बसून एकदम उठताना चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो.

चष्मा वापरणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच ठरवावी. कानामागे छेद असेल, तर चष्म्याची दांडी नेमकी टाक्यांवर घासते. जुन्या चष्म्याची त्या बाजूची दांडी चष्म्याच्या दुकानातून काढून घेता येते आणि तेवढे दिवस निभावतात.

तंबाखू, विडी, सिगारेट आणि मशेरी हे सारे शस्त्रक्रियेच्या काही आठवडे आधीच थांबवावे आणि नंतरही निदान दोन महिने घेऊ नये. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि नव्या पडद्याला ज्या रक्तपुरवठ्याची गरज असते तोच कमी होतो. मशेरीला व्यसन न मानणाऱ्या आजीबाईंना घरच्यांनी हे समजावून सांगावे. मधुमेह असलेल्यांनी साखर आटोक्यात आणूनच शस्त्रक्रियेला जावे.

टप्पा २: रुग्णालयातून निघताना

डिस्चार्ज कार्ड हातात आल्याबरोबर निघू नये. पुढील गोष्टी विचारून त्या कार्डावरच लिहून घ्याव्यात: नेमकी कोणती शस्त्रक्रिया झाली, छेद कानामागे आहे की कानाच्या आतून काम झाले, कानात गॉजची पट्टी भरली आहे का व ती कोण, कधी काढणार, टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढायचे आहेत, थेंब कोणत्या दिवसापासून सुरू करायचे, आणि रात्री-अपरात्री काही झाले तर कोणत्या क्रमांकावर बोलायचे. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर त्या पुन्हा कधी सुरू करायच्या हे स्पष्ट विचारावे. त्या स्वतःच्या मनाने सुरूही करू नयेत आणि बंदही ठेवू नयेत. रिकिबीच्या हाडाच्या जागी कृत्रिम पिस्टन बसवला असेल, तर त्याचे कार्ड जपून ठेवावे, कारण पुढे कधी एमआरआय करण्याची वेळ आली तर ते दाखवावे लागते.

सुरगाणा, पेठ, कळवण किंवा बागलाणकडून नाशिकला आलेल्या रुग्णांनी शक्य असेल तर पट्टी निघेपर्यंत, म्हणजे एक-दोन दिवस, शहरातच नातेवाइकांकडे राहावे असे माझे आग्रहाचे मत आहे. पहिल्याच दिवशी सावळ घाटातून एसटीच्या मागच्या सीटवर हादरे खात, उलट्या करत घरी जाणे आणि दोनच दिवसांनी पट्टीसाठी परत येणे यात रुग्णाचे हाल होतात. उलटीच्या जोराने कानावर ताण येतो तो वेगळाच. प्रवास करावाच लागला तर पुढच्या भागात बसावे, पोट हलके ठेवावे, डॉक्टरांनी दिलेली मळमळीची गोळी निघण्यापूर्वी घ्यावी आणि शस्त्रक्रिया झालेला कान खिडकीच्या वाऱ्याकडे येणार नाही अशी जागा निवडावी.

दक्षता: दुचाकीवर मागे बसूनही घरी जाऊ नये. पट्टीवर हेल्मेट बसत नाही आणि हेल्मेटशिवाय बसणे धोक्याचे आहे.

टप्पा ३: पट्टी असलेले पहिले एक-दोन दिवस

डोक्याभोवतीची घट्ट पट्टी साधारण २४ ते ४८ तासांनी रुग्णालयातच काढली जाते. ती दाबासाठी बांधलेली असते, म्हणजे आत रक्त साचू नये यासाठी. घट्ट वाटते म्हणून घरी सैल करू नये. पट्टीच्या बाहेर रुपयाच्या नाण्याएवढा लालसर डाग दिसणे सामान्य आहे. डाग वाढत जाऊन पट्टी भिजू लागली, किंवा औषध घेऊनही कानामागे ठणका वाढतच गेला, तर त्याच वेळी कळवावे.

झोपताना दोन उशा घेऊन डोके उंच ठेवावे आणि शस्त्रक्रिया झालेला कान वरच्या बाजूला येईल असे उताणे किंवा दुसऱ्या कुशीवर झोपावे. हा नियम निदान दोन आठवडे पाळावा. उठताना आधी कुशीवर वळावे, मग पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि नंतरच उभे राहावे.

जबड्याचा सांधा कानाला लागूनच असल्यामुळे चावताना आणि तोंड मोठे उघडताना दुखते. पहिले तीन-चार दिवस मऊ भात, मुगाची खिचडी, दुधात कुस्करलेली भाकरी, उकड असा आहार ठेवावा. चिक्की, ऊस, सुपारी, कडक भाकरीचा पापुद्रा टाळावा. जबडा मात्र अगदीच स्थिर ठेवू नये. हळूहळू हालचाल करत राहिल्यास जबडा आखडत नाही.

वेदनेसाठी लिहून दिलेलीच गोळी घ्यावी. घरातली ॲस्पिरिन किंवा शेजाऱ्याने दिलेली गोळी घेऊ नये. प्रतिजैविकांचा कोर्स मधेच सोडू नये.

पडताळा: पहिले दोन आठवडे रोज सकाळी उजेडात रुग्णाला समोर बसवून तीन गोष्टी करायला सांगाव्यात. दोन्ही डोळे घट्ट मिटावेत, भुवया वर कराव्यात आणि दात दाखवून हसावे. चेहऱ्याची नस मधल्या कानातूनच जाते आणि तिच्यावर सूज आल्यास काही वेळा दोन-चार दिवसांनंतरही चेहरा एका बाजूला ढिला पडू शकतो. डोळा पूर्ण मिटत नसेल किंवा ओठ एका बाजूला ओढले जात असतील, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

टप्पा ४: पट्टी निघाल्यापासून टाके निघेपर्यंत

पट्टी निघाली की कान थोडा पुढे आलेला, सुजलेला आणि बधिर वाटतो. बधिरपणा काही आठवडे ते काही महिने राहू शकतो. याच कारणाने त्या कानाजवळ गरम पाण्याची पिशवी किंवा हेअर ड्रायर वापरू नये, कारण भाजले तरी कळत नाही.

कानामागची जखम कोरडी ठेवावी. हळद, खोबरेल तेल किंवा कोणतीही पावडर लावू नये. टाके काढायचे असतील तर ते साधारण सातव्या दिवसाच्या आसपास काढतात. कानाच्या छिद्रावर बाहेरून ठेवलेला कापूस लालसर किंवा तपकिरी पाण्याने ओला होत असेल, तर हात साबणाने धुऊन तो बदलावा. नवा कापूस छिद्राच्या तोंडाशी सैल ठेवावा, आत कोंबू नये.

या काळात सर्वांत जास्त घाबरवणारी घटना एकच असते. कानातून स्पंजाचा बारीक, मळकट तुकडा किंवा गॉजचे टोक बाहेर येते आणि पडदाच बाहेर पडला असे घरच्यांना वाटते. तो पडदा नसतो. स्पंजाचे तुकडे सुटे होऊन बाहेर येणे अपेक्षितच असते. गॉजचे टोक लोंबत असल्यास ओढू नये, स्वच्छ कात्रीने बाहेरचा सुटा भाग कापावा किंवा तसेच ठेवून डॉक्टरांना फोन करावा. ओढण्याच्या नादात आतील सारा आधार एकदम बाहेर येतो आणि त्याबरोबर पडदा जागेवरून सरकू शकतो.

ऐकू कमी येणे हीसुद्धा तक्रार याच टप्प्यात येते. मधला कान आणि बाहेरची नळी स्पंजाने भरलेली असताना ऐकू येणारच नाही. कानात टकटक, बुडबुडे, स्वतःच्या नाडीचा आवाज, शिट्टीसारखा नाद हेही होते. शस्त्रक्रिया फसली असा निष्कर्ष कोणी या दिवसांत काढू नये. जिभेच्या एका बाजूला धातूसारखी किंवा अळणी चव येत असेल, तर तिचेही कारण कानातच आहे: चवीची एक बारीक नस पडद्याच्या मागून जाते आणि शस्त्रक्रियेत ती ताणली जाते. बहुतेकांची चव काही महिन्यांत सुधारते. तोवर अळणी लागते म्हणून मीठ वाढवत नेऊ नये, विशेषतः रक्तदाब असलेल्यांनी.

टप्पा ५: पाणी

सर्वाधिक चुका येथे होतात, म्हणून क्रम नीट वाचावा. डॉक्टरांनी पडदा पाहून कान भिजला तरी चालेल असे सांगेपर्यंत, म्हणजे सहसा ६ ते ८ आठवडे, कानात पाण्याचा थेंबही जाऊ देऊ नये.

मानेखालची अंघोळ दुसऱ्या दिवसापासून चालते. तांब्याने पाणी घेताना ते खांद्यावरून ओतावे. शॉवर वापरू नये, कारण त्याचे तुषार कानाकडे वळतात. चेहरा ओल्या कापडाने पुसावा.

केस धुण्याची परवानगी टाके निघाल्यावर आणि जखम कोरडी झाल्यावर मिळते. तेव्हा असे करावे:

१. कापसाचा बोळा बोराएवढा घ्यावा. त्याची बाहेरची बाजू पेट्रोलियम जेलीत नीट माखावी.

२. हा बोळा कानाच्या खळग्यात छिद्र पूर्ण झाकेल असा बसवावा. बोटाने आत ढकलू नये. कोरडा कापूस उपयोगाचा नाही, तो पाणी शोषून आत पोहोचवतो.

३. स्टुलावर बसून डोके मागे झुकवावे आणि दुसऱ्या व्यक्तीने केस मागच्या बाजूने धुवावेत. स्वतः खाली वाकून बादलीत डोके घालू नये. वाकल्याने चक्कर येते आणि पाणी कानाकडेच वाहते.

४. धुणाऱ्याने एका हाताने कानाची पाळी झाकून धरावी आणि त्या बाजूचे केस सर्वांत शेवटी, थोड्या पाण्यात उरकावेत.

५. आधी कान आणि त्याभोवतीची त्वचा टिपून कोरडी करावी, मग केस पुसावेत आणि शेवटी बोळा काढून फेकावा. बोळा कानात ठेवून झोपू नये.

पडताळा: काढलेल्या बोळ्याची आतली बाजू पाहावी. ती कोरडी असेल, तर पाणी गेलेले नाही. ओली असेल, तर तो कान खाली करून काही मिनिटे झोपावे, पाणी आपोआप निथळू द्यावे आणि डॉक्टरांना कळवावे. काडी, पिळलेला रुमाल, केसांची पिन यांपैकी काहीही आत घालू नये.

नाशिककरांसाठी काही प्रसंग वेगळे सांगावे लागतात. रामकुंडात किंवा त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तात बुडी मारणे या काळात पूर्णपणे वर्ज्य समजावे. २०२७ च्या सिंहस्थात स्नानाचा संकल्प असलेल्यांनी शस्त्रक्रियेची तारीख ठरवतानाच डॉक्टरांशी बोलून दोन्हींत पुरेसे अंतर ठेवावे. सुतकातील किंवा अन्य धार्मिक कारणाने डोक्यावरून स्नान करण्याची वेळ आली, तर ओला हात डोक्यावरून फिरवावा. कोणत्याही वडीलधाऱ्याला हे पटवून देता येते, फक्त आधी सांगावे लागते. रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगीत पाण्याच्या हौदात, उडी मारणाऱ्या तरुणांनी त्या वर्षी काठावर उभे राहूनच समाधान मानावे, कारण उडी मारताना पाण्याचा आघात आणि रंगाचे गढूळ पाणी हे दोन्ही एकाच वेळी कानावर येतात. विहिरीतील आणि तरणतलावातील पोहणे निदान तीन महिने, आणि मॅस्टॉइडची पोकळी उघडी ठेवली असल्यास डॉक्टर सांगतील तितका काळ, बंद ठेवावे.

पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात राहणाऱ्यांना आणखी एक त्रास होतो. हवेतील दमटपणामुळे कानाच्या नळीत बुरशी वाढते, कान आतून खाजतो आणि काळे किंवा पांढरे कण दिसतात. खाज सुटली म्हणून कान न कोरता तपासणी लवकर करून घ्यावी.

टप्पा ६: दाब

नाकाच्या मागून मधल्या कानापर्यंत एक नळी जाते. नाक दाबून किंवा तोंड मिटून जोर केला की हवा या नळीतून वर चढते आणि नवा पडदा आतून बाहेर ढकलते. हा मार्ग लक्षात ठेवला तर खालील साऱ्या सूचना आपोआप समजतात.

शिंक आली तर ती तोंड उघडे ठेवून येऊ द्यावी. देवघरात किंवा बैठकीत नाक चिमटीत धरून शिंक दाबण्याची सवय असलेल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. नाक किमान तीन-चार आठवडे शिंकरू नये, नुसते पुसावे. सर्दी झाली तर मिठाच्या पाण्याचे थेंब घालावेत आणि डॉक्टरांना सांगावे. नाक मोकळे करणारे औषधी स्प्रे स्वतःहून सुरू करून आठवड्यापेक्षा जास्त वापरू नयेत. जलनेती, कपालभाती आणि भस्त्रिका दोन महिने बंद ठेवावेत.

स्वयंपाकघरात मिरचीची फोडणी देताना ठसका लागून शिंकांची माळ सुरू होते, म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या बाईने तीन-चार आठवडे त्या वेळी बाहेर बसावे. वाड्या-पाड्यांवर चूल असेल, तर फुंकणीने जाळ फुंकणे कटाक्षाने टाळावे. फुंकणी फुंकताना गाल फुगतात आणि तोंड-नाकातील दाब चांगलाच वाढतो. चुलीच्या धुरानेही नाक सुजते, म्हणून हे काम दुसऱ्याकडे सोपवणेच योग्य. शंख, बासरी, तुतारी वाजवणे आणि मुलांचे फुगे फुगवणे याच यादीत येते.

शौचास जोर करावा लागू नये यासाठी भरपूर पाणी, पपई, पालेभाज्या आणि रात्री ईसबगोल घ्यावे. पाच किलोपेक्षा जास्त वजन निदान तीन-चार आठवडे उचलू नये. पाण्याने भरलेला हंडा, गॅसचे सिलिंडर, द्राक्षांचा भरलेला क्रेट, कांद्याची गोणी आणि पाठीवरचा फवारणी पंप हे सारे यात येतात. दोन वर्षांचे मूलही दहा किलोच्या पुढे असते. आईने ते उचलून कडेवर घेण्याऐवजी बसून मांडीवर घ्यावे.

घाटाच्या प्रवासाबद्दल अनेकांचा गोंधळ असतो. मुंबईला जाताना कसारा घाट उतरताना कानाला दडा बसतो. घाट उतरणे हे स्वतः फारसे धोक्याचे नाही. धोका असतो तो दडा सोडवण्यासाठी नाक दाबून हवा फुंकण्यात. त्याऐवजी पाण्याचे घोट घ्यावेत, खडीसाखर चघळावी, जांभई द्यावी. रिकिबीच्या हाडाची शस्त्रक्रिया झालेल्यांनी मात्र पहिले काही आठवडे घाटातील अनावश्यक प्रवास टाळावा. ओझरहून किंवा मुंबईहून विमानाने जायचे असेल, तर सहसा चार ते सहा आठवडे थांबतात. तिकीट काढण्यापूर्वी कान दाखवून होकार घ्यावा.

दक्षता: नाक शिंकरताना किंवा वजन उचलताना कानात एकदम फट् आवाज झाला आणि त्यानंतर ऐकणे घटले किंवा चक्कर सुरू झाली, तर झोपून राहून बरे वाटण्याची वाट पाहू नये. त्याच दिवशी दाखवावे.

टप्पा ७: कानात थेंब घालणे

डॉक्टर सांगतील त्या दिवसापासूनच थेंब सुरू करावेत. काही रुग्णांना कानातील गॉज निघाल्यानंतर, काहींना त्यावरूनच थेंब घालण्यास सांगतात. बाटलीवर कानासाठी असे लिहिले आहे का ते पाहावे. डोळ्यांच्या आणि कानाच्या बाटल्या एकाच आकाराच्या असतात, म्हणून त्या एका डब्यात ठेवू नयेत.

थेंब घालण्यापूर्वी बाटली दोन-तीन मिनिटे मुठीत धरावी. निफाड-नाशिकच्या हिवाळ्यात सकाळी बाटली थंडगार झालेली असते आणि थंड थेंब कानात पडताच खोली फिरू लागते. आतील तोलाच्या इंद्रियाला थंडी लागल्यामुळे हे होते. बाटली गरम पाण्यात बुडवू नये, फार गरम थेंबानेही तसेच गरगरते. मग कान वर करून झोपावे, बाटलीचे टोक कानाला न लावता सांगितले तेवढे थेंब सोडावेत आणि पाच मिनिटे तसेच पडून राहावे. कानामागे ताजा छेद असताना कानाची पाळी मागे ओढू नये.

लसूण टाकून तापवलेले तेल, कोमट खोबरेल तेल, कांद्याचा रस, हायड्रोजन पेरॉक्साइड हे काहीही कानात घालू नये. प्रेमाने दिलेला सल्ला असला तरी नम्रपणे नकार द्यावा. रस्त्यावर कान साफ करून देणाऱ्यांकडे किंवा केस कापताना डोक्याची मालिश करणाऱ्यांकडे तो कान अजिबात देऊ नये.

टप्पा ८: लगेच रुग्णालय गाठण्याची लक्षणे

ही यादी कागदावर लिहून फ्रिजवर किंवा देवघराजवळच्या भिंतीवर लावावी, कारण रात्री दोन वाजता मोबाइलमध्ये शोधणे होत नाही.

चेहरा वाकडा होणे किंवा डोळा न मिटणे. खोली सतत फिरणे आणि वारंवार उलट्या होणे. ऐकणे अचानक पूर्ण जाणे. कानातून ताजे रक्त थांबत नाही असे वाहणे. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव सतत गळणे. १०१ अंश फॅरनहाइटपेक्षा जास्त ताप. कानामागे लाल, गरम, वाढत जाणारी सूज. तीव्र डोकेदुखी, मान ताठ होणे किंवा गुंगी येणे.

यांपैकी शेवटचे लक्षण असल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. इतर लक्षणांत आधी शस्त्रक्रिया झालेल्या ठिकाणी फोन करावा आणि डिस्चार्ज कार्ड घेऊनच निघावे. कार्ड नसेल, तर तातडीच्या विभागातील डॉक्टरांना आत काय केले आहे हे कळण्यातच वेळ जातो.

दुर्गंधी असलेला पिवळा-हिरवा पू दिसणे हे एवढे तातडीचे नसले तरी एक-दोन दिवसांत दाखवावे. पूर्वी कान वाहत होता म्हणून आताही थोडे वाहणारच असे मानून महिनाभर थांबणाऱ्यांचा बसवलेला पडदा जंतुसंसर्गाने गळून पडण्याची भीती असते.

टप्पा ९: कामावर परतणे

बैठे काम असलेले साधारण आठवड्याने, दोन्ही बाजूंनी मान वळवताना चक्कर येत नसेल तर, कामावर जाऊ शकतात. शाळेतील मुलांना एक-दोन आठवड्यांनी पाठवावे, पण वर्गशिक्षकांना चिठ्ठी द्यावी. मुलाला चांगल्या कानाची बाजू शिक्षकांकडे येईल अशा बाकावर बसवावे आणि खेळाचा तास दीड-दोन महिने टाळावा. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेस किंवा ग्राइंडरवर काम करणाऱ्यांनी डॉक्टरांकडून हलक्या कामाची लेखी शिफारस घ्यावी. कानात घालायचे बूच या काळात वापरता येत नाही आणि मोठा आवाज, विशेषतः रिकिबीच्या हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर, सोसवत नाही. ढोल-ताशा पथकातील वादनही या काळात सोडावे.

दुचाकी चालवण्यासाठी तीन अटी आहेत: चक्कर पूर्ण थांबलेली असावी, गुंगी आणणारी गोळी बंद झालेली असावी आणि हेल्मेट कानाला न दुखवता घालता-काढता यावे. हेल्मेट काढताना कान मुडपतो, म्हणून पट्टा सोडून दोन्ही बाजू बाहेर ताणत काढावे. एका कानाने ऐकत असताना गाडीचा आवाज कोणत्या दिशेने येतो हे कळत नाही. नाशिकचा द्वारका चौक किंवा मुंबई नाका ओलांडताना पायी चालणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावे.

टप्पा १०: तपासण्या आणि ऐकण्याची चाचणी

टाके किंवा गॉज काढण्याची पहिली भेट कोणी चुकवत नाही. चुकते ती तिसऱ्या-चौथ्या आठवड्याची आणि त्यापुढची. त्या भेटीत डॉक्टर सूक्ष्मदर्शकाखाली उरलेला स्पंज व खपली काढतात आणि पडदा कडेने धरला आहे का ते पाहतात. बारीक छिद्र राहिले असेल, तर या वेळी त्यावर लवकर उपाय करता येतो.

ऐकण्याची चाचणी, म्हणजे ऑडिओमेट्री, सहसा दोन-तीन महिन्यांनी करतात. त्यापूर्वी घड्याळ कानाजवळ धरून किंवा नाकपुड्या दाबून घरी परीक्षा घेऊ नये. शस्त्रक्रियेपूर्वीचा आलेख जपून ठेवावा, कारण तुलना त्याच्याशीच होते. येथे अपेक्षाही नीट समजून घ्याव्यात. सडलेले हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा पहिला उद्देश कान कोरडा आणि सुरक्षित करणे हा असतो. ऐकणे सुधारण्यासाठी कधी कधी पुढे दुसरी शस्त्रक्रिया करावी लागते.

कोलेस्टिटोमा, म्हणजे हाड पोखरणारी त्वचेची गाठ, काढली असेल, तर ती पुन्हा वाढू शकते आणि वाढताना बरेच दिवस दुखत नाही. अशा रुग्णांना डॉक्टर वर्ष-दीड वर्षात पुन्हा आत पाहण्याचा किंवा एमआरआय करण्याचा सल्ला देऊ शकतात. ज्यांच्या कानात मोठी पोकळी तयार केली आहे, त्यांना ती दर सहा महिने ते वर्षाने साफ करून घ्यावी लागते, आणि ही तजवीज आयुष्यभराची असते. पुढच्या तपासणीची तारीख त्याच भेटीत ठरवून भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवावी. द्राक्षाचा हंगाम किंवा लग्नसराई त्या तारखेला येत असेल, तर तपासणी आधीची घ्यावी, नंतरची नाही.